टनामागे की माणसामागे?

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या घुग्घुसमध्ये जमिनीखाली कोळसा आहे आणि जमिनीवर सिमेंटचा व स्पंज आयर्नचा कारखाना. नदीपलीकडे वणी तालुक्यात नायगाव, निलजई, मुंगोली अशा खाणींची ओळच लागते. गाव वर्षानुवर्षे धुळीने माखलेले, म्हणजे उद्योगांची वाण नाही. तरीही दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे पक्के काम न मिळालेली माणसे इथे वॉर्डावॉर्डांत आहेत. असे का, याची दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. कारखानदार व ठेकेदार म्हणतात, पीएफ, विमा, बोनस, ग्रॅच्युइटी यांचा बोजा इतका वाढला की माणूस ठेवणेच परवडत नाही. कामगार संघटना म्हणतात, हा नफेखोरीवर घातलेला पडदा आहे. बोजा काढला तर नफा वाढेल, नोकऱ्या नाही. दोन्ही बाजूंची नजर बोज्याच्या रकमेवर आहे. चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर रक्कम दुय्यम ठरते. पट्टी कशावर मोजली, म्हणजे निघालेल्या मालावर, ठेवलेल्या माणसावर, की साऱ्या पगारदारांकडून थोडीथोडी, यावर कोण कामावर राहतो आणि कोण बाहेर बसतो हे अधिक ठरत गेले.

श्रमाच्या कमाईवर कर घेणे इथे इंग्रजांनी आणलेले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात काळीतल्या शेतकऱ्याकडून जमीन महसूल घेतला जाई आणि पांढरीत, म्हणजे गावठाणात, राहून शेतीखेरीज धंदा करणाऱ्यांकडून पांढरी नावाचा वेगळा कर. विणकर, तेली, सोनार, दुकानदार हे सारे त्यात येत. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी हा कर मोडला नाही. १८६७ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले आणि तो बंद व्हायला १९०२ साल उजाडले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत खिळखिळा केल्यानंतरचे ते साल आहे. गिरणीच्या कापडाने हातमागाचे कंबरडे मोडलेले असताना त्याच विणकराच्या कमाईवर पट्टी चालू होती. पांढरीमुळे चांद्याचे विणकर बेकार झाले असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. त्यांना मँचेस्टरने आणि नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलने मारले. पण धंदा ज्यांच्या हातून निसटत होता त्यांच्यावरच कर, आणि त्यांची जागा घेणाऱ्या यंत्रावर तसा काही नाही, हा विषम हिशेब पुढेही वारंवार दिसतो. म्हणून पांढरीची आठवण ठेवायची.

याच काळात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली (१८७१) आणि बंदही पडली (१९०६). मग बल्लारपूर, चांदा, घुग्घुस या बाजूला खाणी सरकत गेल्या. त्या भूमिगत होत्या. त्यांच्या पोकळ्या अजून गावाच्या पोटात आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातले एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हे कळले. त्या खाणींत बायका आणि पुरुष दोघेही राबत. कामगार जितक्या टोपल्या भरील तितकी मजुरी. मालकावर याहून फारशी जबाबदारी नव्हती. ती जबाबदारी वाढली बाईच्या बाळंतपणाच्या निमित्ताने.

मुंबई प्रांताने १९२९ मध्ये आणि मध्य प्रांताने १९३० मध्ये कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे कायदे केले. खाणींसाठी मध्यवर्ती कायदा १९४१ मध्ये आला. तिन्हींची रचना एकच: ज्या मालकाकडे बाई कामाला आहे त्यानेच पैसे द्यायचे. म्हणजे बाई ठेवली तर खर्चाची शक्यता, पुरुष ठेवला तर नाही. मालक काय करील हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. खुद्द कायदे करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते, म्हणून तर प्रसूतीच्या तोंडावर कामावरून काढण्याविरुद्धची कलमे त्यांना घालावी लागली. काढण्याला कलमाने अटकाव करता येतो. मुळात घेतलेच नाही, तर कोणते कलम लावणार? या विषयावर १९२८ साली मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी भूमिका घेतली ती आजही वाचण्यासारखी आहे. आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा हे त्यांनी मान्य केले. पण बाईच्या श्रमातून लाभ घेणारा मालक त्यातून पूर्ण मोकळा सुटू शकत नाही, असेही बजावले. लाभ हवा की नको यापुढे जाऊन, तो कोणाच्या खात्यावर मांडायचा हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. प्रांतांच्या कायद्यांनी मात्र सगळा भार एकट्या मालकावर टाकला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोळसा खाणींतून बायका गेल्या त्या प्रामुख्याने बंदीने गेल्या. १९२९ च्या नियमांनी भूमिगत कामातले त्यांचे प्रमाण वर्षागणिक घटवले, १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली, युद्धाच्या गरजेने १९४३ मध्ये ती उठली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. तेव्हा खाणींचा दाखला देऊन प्रसूती लाभाने बायकांचा रोजगार बुडाला असे सिद्ध होत नाही, हे कबूल. मुद्दा रचनेचा आहे, आणि तो खाणीपुरता नाही. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली तेव्हा कर्मचारी राज्य विम्याबाहेरच्या आस्थापनांत सारा खर्च पुन्हा एकट्या मालकावर आला, आणि १९२८ चाच वाद नव्या शब्दांत सुरू झाला. विम्याच्या छत्राखाली मात्र वर्गणी स्त्री-पुरुष सगळ्यांच्या पगारावर जाते. एखादी बाई ठेवल्याने मालकाचा खर्च वाढत नाही, मग तिला टाळण्याचे कारणही उरत नाही. लाभ तोच असताना मोजणी बदलली की परिणामही बदलतो.

दुसरा दाखला तर थेट कोळशाचा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या खाणींत स्वतः उतरले, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे काही आण्यांचा उपकर घ्यायचा आणि त्यातून दवाखाने, पाणी, घरे, शाळा उभ्या करायच्या, अशी ही योजना. उपकर कामगारांसाठी होता, पण मोजला जात होता टनावर. शंभर टन कोळसा दोनशे हातांनी काढला काय आणि यंत्राने काढला काय, निधीत पडणारी रक्कम तीच. मालकाला माणूस कमी करून या उपकरातून सुटका नव्हती.

१९४८ मध्ये कोळसा खाणींसाठी भविष्य निर्वाह निधी आला, आणि मोजणी टनावरून माणसावर सरकली. प्रत्येकाच्या पगारातून काही टक्के, त्यात मालकाचे तितकेच. बाकीच्या उद्योगांना हे १९५२ च्या कायद्याने लागू झाले. मालकाचा हिस्सा तेव्हा ६.२५ टक्के होता, वाढत वाढत १९९७ मध्ये बहुतेक आस्थापनांसाठी १२ टक्क्यांवर गेला. आज एखादा कारखाना किंवा ठेकेदार विमा लागू असलेला माणूस ठेवतो, तेव्हा मजुरीच्या शंभर रुपयांमागे निर्वाह निधीचे बारा, त्याच्या जोडखर्चाचा सुमारे एक, राज्य विम्याचे सव्वातीन, किमान बोनसचे आठ रुपये तेहेतीस पैसे आणि ग्रॅच्युइटीपोटी जवळजवळ पाच, असे तिशीच्या घरात जाणारे पैसे त्याला बाजूला काढावे लागतात. यातले बरेचसे कर नव्हेतच, कामगाराचीच लांबणीवर टाकलेली मजुरी आहे, असे संघटना म्हणतात आणि तत्त्वतः ते खरे आहे. कामगाराला ते पैसे आपले वाटत असतील तर हातात थोडी कमी मजुरी घेऊनही तो काम पत्करतो, आणि मालकाचा एकूण खर्च फारसा वाढत नाही. पण दर निविदेला ठेकेदार बदलतो, खाते एकाला दुसरे जुळत नाही, कापलेले पैसे भरले की नाही हे कळायला वर्षे जातात. अशा माणसाला ते पैसे आपले वाटावेत कसे? त्याच्या लेखी ती कपातच राहते. मजुरी तर किमान वेतनाने किंवा वेतन कराराने बांधलेली, म्हणजे मालकाला तिकडेही तोड काढता येत नाही. मग तो डोकी कमी करतो, किंवा डोकी दुसऱ्याच्या मस्टरवर दाखवतो.

राष्ट्रीयीकरणानंतरचा घुग्घुसचा इतिहास हा बराचसा याच दोन पळवाटांचा इतिहास आहे. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणी सरकारच्या झाल्या, १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्सचे, म्हणजे इथल्या बोलीतल्या वेकोलिचे, मुख्यालय आले. त्याच वर्षी पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार लागू झाला, आणि फेब्रुवारीत कोळसा काढणे, भरणे, वरची माती हटवणे या कामांत कंत्राटी मजूर लावण्यास केंद्राने मनाई केली. ठेकेदाराचा माणूस एका रात्रीत खात्याचा, म्हणजे कंपनीचा, माणूस झाला. घर, दवाखाना, निवृत्तीचे पैसे, मृत्यूनंतर वारसाला नोकरी असे सगळे त्याला मिळाले. खासगी मालकाच्या काळातली पिळवणूक ज्यांनी सोसली त्यांच्यासाठी हा न्याय होता, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. पण इथून पुढे दाराच्या आतला माणूस आणि बाहेरचा माणूस यांत जे अंतर पडले ते पुन्हा भरले नाही. वेकोलिची पालक कंपनी कोल इंडिया स्थापन झाली तेव्हा वर्षाला सुमारे ७.९ कोटी टन कोळसा काढायला साडेसहा लाखांहून अधिक माणसे होती. २०२१-२२ मध्ये ६२ कोटी टन निघाले, आणि पक्की माणसे उरली अडीच लाखांच्या आतबाहेर. माती हटवण्याचे काम, ज्यात १९७५ मध्ये कंत्राटी मजुरांना बंदी झाली, तेच आज खुल्या खाणींत मोठ्या प्रमाणावर ठेक्याने चालते.

इथे भूगर्भशास्त्र जाणणारा वाचक अडवील आणि म्हणेल, ही घट पीएफने नव्हे, खुल्या खाणींनी केली. वर्धा खोऱ्यातला थर जाड आहे आणि जागोजागी फार खोल नाही. तो वरून उकरणेच स्वस्त, सुरक्षित, आणि कोळसा वाया न घालवणारे. डंपर आणि शॉवेल आले असते, पट्टी असो वा नसो. हा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो. बारा टक्के काढून टाकले म्हणून कोणी पुन्हा टोपलीने कोळसा वाहणार नव्हते. पण भूगर्भशास्त्राने एवढेच ठरवले की माणसे कमी लागणार. जी लागतात ती खात्याच्या मस्टरवर न राहता ठेकेदाराच्या का गेली, याचे उत्तर कोळशाच्या थरात सापडत नाही. डंपर चालवायला चालक लागतोच. तो कोणाचा, हे माणशी जबाबदारीने ठरवले. कंपनीच्या बाजूने पाहिले तर पक्का चालक म्हणजे तीस वर्षांची वेतन, उपचार, निवृत्ती आणि वारसाची हमी; ठेक्याचा चालक म्हणजे निविदेतला एक आकडा. २०१३ पासून कोल इंडियाने ठेका कामगारांना वेगळी, वाढीव किमान मजुरी ठरवून दिली, त्याने दरी थोडी कमी झाली. मिटली नाही.

याच १९७५ सालात महाराष्ट्राने श्रमावर आणखी एक कर बसवला, आणि त्याची कहाणी नेमकी उलटी आहे. १ एप्रिल १९७५ पासून पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर सुरू झाला, तोही बेकारांना काम देण्यासाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मजुरीच्या हमीचा प्रयोग केला होता. १९७२ च्या दुष्काळात त्याचे राज्यव्यापी रूप झाले, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणायचा यावर उत्तर निघाले ते असे: नोकरदारांच्या पगारावर व्यवसाय कर; विक्रीकर, वाहने, ओलिताची जमीन यांवर जादा आकार; आणि यातून जितके जमेल तितकीच भर सरकारची. घुग्घुसच्या खाण कामगाराच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या काही रुपयांतून, धान कापून झाल्यावर रिकामी बसलेली सिंदेवाहीची किंवा धानोऱ्याची बाई तलावाच्या पाळीवर माती टाकू लागली. कागदोपत्री दोघांची गाठ नव्हती. पण एका जिल्ह्याच्या (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये) दोन टोकांना या कराने बांधून ठेवले होते.

हा करही श्रमावरच होता, मग याने बेकारी का वाढवली नाही? तीन कारणे दिसतात. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने त्याला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने ती २,५०० झाली आणि अजून तेवढीच आहे. म्हणजे ठेवलेल्या प्रत्येक माणसामागे बोजा नगण्य. दुसरे, तो मालकाच्या खिशातून न जाता पगारातून कापला जातो. मालकाला एक माणूस कमी करून फारसे वाचत नाही. तिसरे आणि मोठे, तो ठेकेदाराच्या आणि खात्याच्या, यंत्रावरच्या आणि टोपलीवाल्या, सगळ्याच कमावत्यांवर पातळ पसरलेला आहे, त्यामुळे पळवाट काढण्याजोगी दरी तयार होत नाही. रोजगार हमीवर टीका पुष्कळ झाली, आणि ती अनाठायी नव्हती: निधी जमला तितका खर्च झाला नाही, हजेरीपटावर खोटी नावे चढली, खडी फोडण्यापलीकडे कौशल्य दिले नाही. पण योजनेवर निम्म्याच्या आसपास बायका होत्या. म्हणजे प्रसूती कायद्याच्या रचनेने ज्यांना टाळायला मालकाला कारण दिले त्याच स्त्रीवर्गाला श्रमावरच्याच दुसऱ्या कराने काम दिले. २००५ नंतर केंद्राची योजना आल्यावर मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. व्यवसाय कर राहिला, आणि तो मुळात कशासाठी लावला होता हे पगारपत्रक पाहणाऱ्या बहुतेकांना आता सांगता येणार नाही.

चांद्याबाहेरचा पुरावाही याच बाजूला झुकतो. चिलीमध्ये १९८१ च्या निवृत्तिवेतन सुधारणेच्या आगेमागे मालकांवरचा वेतन कर सरासरी ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आला. जोनाथन ग्रुबर यांनी कारखान्यांचे आकडे तपासले तेव्हा मजुरी वाढलेली दिसली, नोकऱ्या मात्र जवळजवळ जिथल्या तिथे. आपल्याकडचे संघटनावाले याने खूश होतील. स्वीडनने २००७ पासून फक्त तरुणांवरचा वेतन कर जवळपास निम्मा केला. तिथे तरुणांची मजुरी वाढली नाही, पण त्यांचा रोजगार वाढला. याने कारखानदार खूश होतील. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत. कर सर्वांवरून उठला तर पैसा मजुरीत मुरतो. एका विशिष्ट गटावरून उठला, तर मालक त्या गटाकडे वळतो. आणि एका गटावर बसला, तर त्या गटाकडे पाठ फिरवतो.

आता घुग्घुसच्या दीर्घकाळ बेकार माणसाकडे वळू. तो आळशी नाही, आणि पुष्कळदा पूर्ण रिकामाही नाही. वेकोलिने जमीन घेतली की दोन एकरांमागे एक नोकरी, हा इथला रूढ हिशेब आहे. मग सातबारावरच्या नावांची वाटणी, वारसांचे वाद, आणि नंबर लागायची वाट. खात्याची नोकरी आणि ठेक्याची मजुरी यांत इतके अंतर असताना ही वाट पाहणे अजिबात वेडेपणाचे नाही. हॅरिस आणि टोडारो या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये हेच मांडले: पक्की नोकरी जितकी उंच, तितकी तिच्यासाठीची रांग लांब, आणि रांगेतला माणूस बेकार म्हणूनच मोजला जातो. माणशी जबाबदारीने दाराच्या आतली जागा मोलाची केली आणि जागांची संख्या घटवली. रांग लांबली ती या दोन्हींमुळे. पट्टी नुसती कमी केल्याने ती आटोपणार नाही, कारण आतबाहेरचे अंतर पट्टीने एकटीने पाडलेले नाही. ते काही अंशी वारसाहक्काने आणि काही अंशी जमिनीच्या बदल्यातल्या शब्दाने पाडले आहे, आणि ज्याची जमीन गेली त्याला तो शब्द मोडून दाखवण्याचा अधिकार कोणत्याही अर्थशास्त्राला नाही.

पट्टी माणूस ठेवण्याच्या आड येते, हे सरकारला उमगले नाही असे नाही. २०१६ मध्ये प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत नव्या कामगाराच्या पेन्शनचा मालकाचा ८.३३ टक्के हिस्सा सरकारने उचलला, एप्रिल २०१८ पासून पूर्ण बारा टक्के. जुलै २०१९ पासून राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आणला. पण प्रोत्साहन योजनेत ‘नवा’ म्हणजे ज्याचा निर्वाह निधीचा खातेक्रमांक १ एप्रिल २०१६ च्या आधी नव्हता तो. घुग्घुसमध्ये २०११-१२ साली एखाद्या ठेक्यावर दीड वर्ष काढलेला, तेव्हा क्रमांक मिळालेला आणि पुढे घरी बसलेला चाळिशीचा माणूस या व्याख्येत बसत नव्हता. मालकाला तो पूर्ण पट्टीचा पडत होता, आणि त्याच्या शेजारचा वीस वर्षांचा, कधीच काम न केलेला पोरगा निर्वाह निधीपुरता बिनपट्टीचा. सवलत स्वीडनसारखीच एका गटाला मिळाली होती, आणि सर्वांत जुना बेकार त्या गटाच्या बाहेर राहिला होता.